'लपाछपी' या मराठी भयपटातील भयनिर्मिती : एक आकलन

सारांश

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (२०१७) हा मानसशास्त्रीय अंगाने जाणारा मराठी भयपट आहे. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील भय नेमके कशातून निर्माण होते याचा शोध घेतला आहे. त्यासाठी भरताच्या नाट्यशास्त्रातील भयानक रसाची मांडणी, फ्रॉईडची 'परिचितातील अपरिचित' ही संकल्पना आणि हिचकॉकने स्पष्ट केलेला धक्का व उत्कंठा यांतील भेद यांचा आधार घेतला आहे. या चित्रपटातील भयाचे मूळ भुतात नसून मायेच्या रूपाने वावरणाऱ्या हिंसेत आहे, आणि ती हिंसा प्रेक्षकाच्या समाजाची असल्यामुळेच चित्रपट संपल्यानंतरही ते भय ओसरत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : भयानक रस, भयपट, उत्कंठा, ऊसशेती, स्त्रीभ्रूणहत्या, मातृत्व.

१. प्रस्तावना

मराठी साहित्यात भयकथेला भक्कम परंपरा आहे. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी भयकथा व गूढकथा या प्रकारांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. मराठी चित्रपटात मात्र हा प्रवाह तितकासा वाढला नाही. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) सारखा एखादा अपवाद सोडला, तर मराठी पडद्यावरील भूत बहुधा विनोदाच्या सोबतीने आले. 'झपाटलेला' (१९९३) आणि 'पछाडलेला' (२००४) हे चित्रपट लोकप्रिय झाले ते भय आणि हास्य यांच्या मिश्रणामुळे. या पार्श्वभूमीवर जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला 'लपाछपी' वेगळा ठरतो. तो प्रेक्षकाला हसण्याची सवलत देत नाही. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये 'छोरी' या नावाने त्याचा हिंदी अवतार सादर केला आणि २०२५ मध्ये त्याचा पुढील भागही आला. एका मराठी भयपटाची कल्पना दुसऱ्या भाषेत जाऊन रुजली, ही बाबही अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. तुषार (विक्रम गायकवाड) कर्जाच्या पेचात सापडलेला आहे. देणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवण्यासाठी तो आपली गरोदर पत्नी नेहा (पूजा सावंत) हिला घेऊन शहर सोडतो. त्यांचा वाहनचालक भाऊराव (अनिल गवस) त्यांना गावाकडे, उसाच्या फडांनी वेढलेल्या आपल्या घरी नेतो. तेथे भाऊरावांची पत्नी तुळसाबाई (उषा नाईक) नेहाची देखभाल करू लागते. लवकरच नेहाला आसपास लपाछपी खेळणाऱ्या मुलांची चाहूल लागते. ही मुले कोण, आणि या घराने काय दडवून ठेवले आहे, या प्रश्नांभोवती पुढील कथा फिरते. त्या रहस्याच्या तळाशी स्त्रीभ्रूणहत्येचे वास्तव आहे. चित्रपट न पाहिलेल्या वाचकाचा विचार करून शेवट येथे सांगितलेला नाही. लेखातील विवेचनास त्याची आवश्यकताही नाही.

२. भयानक रस : भरताची मांडणी

भयपटाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य सिद्धांतांपासून सुरू होते. तथापि नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, ते आजही उपयुक्त ठरतात. भय हा या रसाचा स्थायीभाव होय. विकृत आवाज, पिशाचादी सत्त्वांचे दर्शन, कोल्हे व घुबडे यांपासून वाटणारा त्रास, ओसाड घर, अरण्यात जाणे, तसेच स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे वा त्याची कथा कानी पडणे, अशी ही कारणे आहेत.

या यादीकडे बारकाईने पाहिल्यास तिच्यात दोन गट दिसतात. आवाज, पिशाच, ओसाड घर आणि अरण्य ही बाह्य कारणे आहेत. स्वजनांच्या वधाची वार्ता हे कारण मात्र निराळे आहे, कारण तेथे भीती बाहेरून येत नसून नात्यातून येते. 'लपाछपी'ची रचना या दोन गटांच्या क्रमाने पुढे सरकते. पूर्वार्धात आवाज, एकाकी घर आणि अरण्यासारखा फड आपल्याला घाबरवतात. उत्तरार्धात 'स्वजनवध' हे कारण पुढे येते आणि आधीची सर्व कारणे त्याच्या छायेत जातात.

भरताने भयानक रसाचे तीन प्रकारही सांगितले आहेत. पहिला व्याजापासून, म्हणजे बतावणीतून निर्माण होणारा. दुसरा अपराधापासून निर्माण होणारा. आणि तिसरा प्रत्यक्ष त्रासातून निर्माण होणारा. भूतपटांची बहुसंख्या तिसऱ्या प्रकारात मोडते. 'लपाछपी'चा गाभा दुसऱ्या प्रकारात आहे. तेथे भुताची सावली ही अपराधाची सावली असते. या चित्रपटाचे मर्म जाणून घेण्यासाठी 'अपराधजन्य भय' ही जुनी संज्ञा सर्वांत नेमकी आहे, असे म्हणता येईल.

भय ही दुःखद भावना असूनही तिचा आस्वाद कसा घेता येतो, हा प्रश्न अभिनवगुप्ताने हाताळला आहे. त्यासाठी त्याने 'शाकुंतल' नाटकातील, मागे वळून पाहत धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. ते हरीण, त्याला घाबरवणारा राजा, तो विशिष्ट काळ आणि स्थळ ही सर्व बंधने गळून पडतात आणि प्रेक्षकाच्या मनात केवळ भय उरते. यालाच साधारणीकरण म्हणतात. फडातून धावणारी नेहा पाहताना प्रेक्षकाला नेमका हाच अनुभव येतो.

३. उसाचा फड : भयाचे स्थळ

पाश्चात्त्य भयपटाने जुना वाडा, तळघर आणि धुके ही स्थळे रूढ केली. 'लपाछपी'ने यांपैकी कशाचाही आश्रय न घेता उसाचा फड निवडला. ही निवड केवळ स्थानिक रंगासाठी नाही, तर भयनिर्मितीच्या दृष्टीने अत्यंत कार्यक्षम आहे.

पूर्ण वाढलेला ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो. सऱ्या सारख्या, पाने सारखी आणि खुणेचे ठिकाण कोठेही नाही. त्यामुळे आत शिरलेल्या माणसाचे दिशाभान काही पावलांतच हरपते. दृष्टी चार-पाच हातांवर अडते. पानांच्या कडा करवतीसारख्या असल्याने वेगाने पळताही येत नाही. याउलट आवाज मात्र सर्वत्र असतो. वारा नसताना झालेली सळसळ म्हणजे आत कोणीतरी आहे, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. रानडुक्कर असो वा बिबट्या, फडातील प्राण्याची जाणीव प्रथम कानाला होते. डोळा बंद आणि कान उघडा ही स्थिती भयाला सर्वाधिक पोषक असते, कारण ज्याचा उगम दिसत नाही अशा आवाजाला आकार देण्याचे काम कल्पनाशक्तीला करावे लागते. ध्वनीचे फ्रेंच अभ्यासक मिशेल शिआँ यांनी चित्रपटातील अशा अदृश्य उगमाच्या आवाजाला विशेष सामर्थ्य असल्याचे दाखवून दिले आहे. अंधार माणसाला जे करतो, ते फड भर दुपारी करू शकतो. म्हणूनच या चित्रपटाला भयासाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही.

तेरच्या वाचकाला हे स्थळ परके नाही. जवळच्या ढोकी येथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे या परिसराचे अर्थकारण दीर्घकाळ उसाशी बांधले गेले. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यासह पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चेला आला, तोही याच भागातून. म्हणजे फड, कर्ज आणि स्त्रीचे शरीर यांचा संबंध चित्रपटाने कल्पनेतून जोडलेला नाही. तो येथे आधीपासून होता. चित्रपटाने त्याला भयाची भाषा दिली.

४. खेळाचे व्याकरण : धक्का आणि उत्कंठा

चित्रपटाचे शीर्षक हेच त्याच्या तंत्राचे सूत्र आहे. लपाछपीच्या खेळात ज्याच्यावर राज्य येते तो डोळे मिटून आकडे मोजतो, मग शोधायला निघतो. लपलेले सर्वजण त्याला पाहू शकतात. त्याला मात्र कोणीच दिसत नाही. कोणत्याही क्षणी पाठीमागून धप्पा बसू शकतो, हे तो जाणतो. या खेळात न दिसणे, वाट पाहणे आणि अनपेक्षित स्पर्श या तीन गोष्टी असतात, आणि भयपटाचे तंत्रही या तिन्हींवर उभे असते.

त्यांपैकी धप्पा म्हणजे धक्का. तो सोपा असतो. मोठा आवाज व अचानक आलेली आकृती यांनी कोणताही प्रेक्षक दचकतो. पण दचकणे आणि घाबरणे यांत अंतर आहे. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफो याच्याशी झालेल्या प्रसिद्ध संवादात हा भेद स्पष्ट केला होता. टेबलाखाली ठेवलेला बॉम्ब प्रेक्षकाला ठाऊक नसताना फुटला, तर काही सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि टेबलाभोवतीची माणसे निर्धास्त गप्पा मारत राहिली, तर तेवढ्याच प्रसंगात कितीतरी मिनिटांची उत्कंठा मिळते. उत्कंठा माहितीतून जन्मते, हे त्याचे तात्पर्य होते.

'लपाछपी'त या टेबलाखालील बॉम्बची जागा गर्भाने घेतली आहे, असे प्रथम वाटते. नेहाचे दिवस भरत आलेले आहेत. प्रसूती टाळता येणार नाही, पुढे ढकलता येणार नाही. त्यामुळे कथेला आपोआप एक घड्याळ मिळते. मात्र कथा पुढे सरकते तसे लक्षात येते की, गर्भ हा धोका नव्हे. धोका गर्भाला आहे. नेहाचे धावणे, पडणे, दार ठोठावणे यांतील प्रत्येक हालचाल प्रेक्षक दोन जिवांच्या हिशेबाने पाहतो. भयपटात नायिका एकटी सापडणे ही जुनी युक्ती आहे. येथे ती कधीच एकटी नसते, आणि म्हणूनच तिचे एकाकीपण अधिक असह्य होते.

५. मायेचे रूप : परिचितातील अपरिचित

सिग्मंड फ्रॉईड याने १९१९ मध्ये लिहिलेल्या निबंधात एका जर्मन शब्दाची उकल केली होती. 'हाइमलिश' या शब्दाचा एक अर्थ 'घरगुती, आपलेसे' असा आहे, तर दुसरा 'लपवून ठेवलेले' असा आहे. जे घरातले होते पण दडवले गेले, ते पुन्हा वर आले की आपल्याला विलक्षण भय वाटते, असे त्याचे प्रतिपादन होते. घर आणि लपवणूक यांचे असे एका शब्दात येणे 'लपाछपी'च्या संदर्भात फार बोलके आहे.

तुळसाबाई ही व्यक्तिरेखा याचे उत्तम उदाहरण होय. तिचे जवळजवळ प्रत्येक वागणे आपल्या घरांतील थोरल्या बायकांच्या वागण्याशी जुळते. पोटुशी सून किंवा लेक घरी आली की तिला खाऊपिऊ घालणे, तिन्हीसांजेला बाहेर जाऊ न देणे, काय करावे व काय करू नये हे सांगणे, पोटाकडे पाहून मुलगा की मुलगी याचे अंदाज बांधणे, या सर्व गोष्टी आपण माया म्हणूनच ओळखतो. उषा नाईक यांनी ही भूमिका करताना मायेचा तो सूर सोडलेला नाही, आणि हेच त्यांच्या अभिनयाचे बळ आहे. काळजी कोठे संपते आणि पाळत कोठे सुरू होते, ही सीमारेषा प्रेक्षकाला शोधत राहावी लागते. नेहा तुळसाबाईला सहज झिडकारू शकत नाही, कारण मायेला झिडकारण्याची भाषा तिला कोणी शिकवलेलीच नाही.

रोमन पोलान्स्कीच्या 'रोझमेरीज् बेबी' (१९६८) या चित्रपटातही गर्भवती नायिका शेजाऱ्यांच्या अतिकाळजीच्या जाळ्यात सापडते. दोन्ही चित्रपटांत स्त्रीच्या शब्दावर विश्वास न ठेवला जाणे हे भयाचे मोठे साधन आहे. गरोदरपणी असे भास होतातच, ही समजूत एकदा लागू केली की स्त्रीने पाहिलेले व ऐकलेले सर्व काही पुसून टाकता येते. भूत दिसणे भयंकर असते. परंतु जे दिसले ते सांगूनही कोणी न मानणे त्याहून भयंकर असते. मानसशास्त्रीय भयपट आणि साधा भूतपट यांतील फरक येथे स्पष्ट होतो. भूतपटात 'ते काय आहे?' हा प्रश्न असतो. मानसशास्त्रीय भयपटात 'माझ्या जाणिवेवर मी विश्वास ठेवू का?' हा प्रश्न असतो.

या रचनेमुळे चित्रपटात एक महत्त्वाची उलटापालट घडते. ज्यांना घाबरावे असे आपल्याला सांगितले जाते, ते बळी ठरतात. आणि ज्यांच्या आधाराने निर्धास्त व्हावे असे वाटते, तेथेच धोका असतो. प्रेक्षकाचे भय भुताकडून माणसाकडे सरकते. भूत ही कल्पना आहे, असे म्हणून त्यातून सुटता येते. माणसाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही.

६. वास्तवाची बाजू

हे भय चित्रगृहाबाहेर टिकते, कारण त्याला वास्तवाचा आधार आहे. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, म्हणजे केंद्राच्या आधी केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. शेजारच्या बीड जिल्ह्यात याच काळात ती ८९४ वरून ८०७ पर्यंत घसरली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. चित्रपट या घटनेवर आधारलेला नाही. पण चारच महिन्यांनी तो प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावरील कथा अतिरंजित म्हणण्याची सोय प्रेक्षकाला उरली नव्हती.

गर्भलिंगनिदान ही देखील एक प्रकारे लपाछपीच आहे. गर्भात लपलेल्या जिवाला शोधून काढले जाते. खेळात जो सापडतो तो बाद होतो आणि पुढच्या डावात पुन्हा येतो. येथे सापडलेल्या मुलीला पुढचा डाव नसतो. शीर्षकातील हा दुसरा अर्थ एकदा ध्यानी आला की, चित्रपटातील मुलांचा खेळकर आवाज पुन्हा पूर्वीसारखा ऐकता येत नाही.

या संदर्भात तेरचा उल्लेख केवळ स्थानिक अभिमानापोटी करीत नाही. येथील लामतुरे संग्रहालयात प्राचीन तगर नगरीतील मृण्मूर्ती जतन केलेल्या असून त्यांत मातृदेवतेच्या प्रतिमाही आहेत. जननक्षमतेला देवत्व देणारी ही परंपरा आहे. त्याचबरोबर तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे तान्हे मूल आले, ही कथा येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या कथेत मृत्यू अजाणता घडतो, आईचा आक्रोश सर्वांना ऐकू येतो आणि अखेर विठ्ठलकृपेने मूल परत मिळते. 'लपाछपी'तील मृत्यू जाणूनबुजून घडवलेले आहेत आणि आईचा आक्रोश घराच्या भिंतींत कोंडलेला आहे. गेलेले जीव परत येतात ते केवळ सावल्या म्हणून. भक्तिकथा शोकाला सांत्वनाकडे नेते. भयकथा ते सांत्वन नाकारते. मूल परत देणारे कोणी नसेल तर काय, हा प्रश्न ती आपल्यापुढे ठेवते.

७. मर्यादा

चित्रपटाच्या गुणांबरोबर त्याची एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. येथे हिंसेचे मूळ एका दुर्गम घरात, तेथील अंधश्रद्धेत आणि अघोरी समजुतींत दाखवले जाते. शहरातून आलेली नायिका तिचा बळी ठरते. त्यामुळे हा प्रश्न अशिक्षित खेड्याचा आहे, असा समज दृढ होण्याची शक्यता असते. आकडेवारी तसे सांगत नाही. २००१ च्या जनगणनेत समृद्ध साखरपट्ट्यातील कोल्हापूर जिल्ह्यात हे प्रमाण अवघे ८३९ होते. २०११ मध्ये ते ८६३ झाले. सोनोग्राफीचे यंत्र, प्रशिक्षित डॉक्टर आणि तपासणीचा खर्च पेलणारे कुटुंब यांच्याशिवाय ही हिंसा घडत नाही. तिच्यासाठी मांत्रिकाची गरज नसते. या दृष्टीने पाहता खरे भयस्थळ उसाच्या फडापेक्षा स्वच्छ, उजळ आणि वातानुकूलित असते. मराठी भयपटाने अद्याप त्या खोलीत पाऊल टाकलेले नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) 'लपाछपी'तील भय भरताने सांगितलेल्या अपराधजन्य भयानक रसाच्या जवळ जाणारे आहे; भूत हे त्या अपराधाचे दृश्यरूप होय.

२) उसाचा फड हे या चित्रपटातील केवळ नेपथ्य नाही. दृष्टी रोखणारे व आवाज मोकळा सोडणारे ते भयनिर्मितीचे प्रत्यक्ष साधन आहे.

३) धक्क्यापेक्षा उत्कंठेवर आणि उत्कंठेपेक्षाही मायेच्या संदिग्धतेवर भर दिल्याने चित्रपटाला मानसशास्त्रीय खोली लाभली आहे.

४) भयाची दिशा भुताकडून कुटुंबाकडे वळवल्यामुळे प्रेक्षकाला अलिप्त राहता येत नाही.

साहित्य, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना हा चित्रपट वर्गात चर्चेसाठी घेता येईल. लिंगगुणोत्तराचा तक्ता फळ्यावर लिहिला की विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात. तोच आकडा एका आईच्या भीतीतून समोर आला, तर तो वहीत मावत नाही. आपल्या वर्गात बसलेल्या मुलींपैकी कित्येकींनी आपल्या जन्माच्या वेळी घरात पसरलेल्या शांततेविषयी ऐकलेले असते. त्या शांततेबद्दल बोलण्याची संधी एखाद्या भयपटामुळे मिळत असेल, तर अभ्यासकाने या प्रकाराला हलके समजून दूर ठेवणे योग्य ठरणार नाही.